४१० फूट

औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळाची धावपट्टी १९९३ साली सुमारे सहा हजार फुटांची होती आणि तिच्या पूर्वेकडच्या टोकापासून साधारण ४१० फुटांवरून बीडचा रस्ता जात होता. त्या वर्षी २६ एप्रिलला, दुपारी एक वाजून गेल्यावर, इंडियन एअरलाइन्सचे ४९१ क्रमांकाचे विमान इथून मुंबईला निघाले. दिल्ली, जयपूर, उदयपूर असे टप्पे घेत आलेले ते बोइंग ७३७. आत ११२ प्रवासी आणि ६ कर्मचारी. मराठवाड्यातला एप्रिल, तापलेली हवा आणि समुद्रसपाटीपासून एकोणीसशे फुटांवरचे विमानतळ. अशा हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनांचा जोरही उतरतो. विमानाने जमीन सोडली ती जवळजवळ धावपट्टी संपताना. त्याच क्षणी रस्त्यावरून उत्तरेकडून दक्षिणेकडे एक ट्रक चालला होता, कापसाच्या दाबलेल्या गाठींनी भरलेला. विमानाची डावीकडची चाके आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग त्या ट्रकवर आदळला. रस्त्यापासून ही टक्कर झाली जेमतेम सात फूट उंचीवर. मोडलेले विमान तसेच पुढे गेले, ईशान्येला सुमारे तीन किलोमीटरवर उच्च दाबाच्या विजेच्या तारांवर आपटले आणि खाली कोसळून पेटले. ११८ जणांपैकी ५५ जण गेले, ६३ वाचले.

चौकशीने या अपघाताची दोन कारणे दिली. पहिले, वैमानिकांनी विमानाचे नाक उचलायला उशीर केला आणि ते उचलण्याची पद्धतही चुकली. दुसरे, विमानांच्या ये-जा करण्याच्या वेळात बीड रस्त्यावरची वाहतूक रोखून धरण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण कमी पडले. दोन्ही कारणे शेजारी शेजारी लिहिलेली आहेत. एक मुख्य आणि दुसरे तळटीप, अशी त्यांची मांडणी नाही. तरी या अपघाताचा विषय निघाला की लोकांच्या तोंडी पहिले कारण येते आणि दुसऱ्या कारणातला फक्त ट्रक उरतो, तोही दैवाने आडवा आल्यासारखा. ज्या प्राधिकरणाचे नाव निष्कर्षात होते ते दोनच वर्षांनी, १९९५ मध्ये, दुसऱ्या प्राधिकरणात विलीन झाले आणि आजचे भारतीय विमानतळ प्राधिकरण उभे राहिले. कार्यालयाचे नाव बदलले की त्याच्या खात्यावर लिहिलेली जबाबदारीही धूसर होते. वैमानिकाचे तसे होत नाही, कारण तो एक माणूस असतो आणि त्याची चूक काही सेकंदांत मोजता येते. माझे म्हणणे असे आहे की उड्डाणाच्या वेळी झालेल्या अपघातांचा इतिहास आपण गेली सत्तर वर्षे अर्धाच वाचत आलो आहोत. चूक वैमानिकांच्या हातून होते, पण तिचे मरणात रूपांतर होईल की नाही हे बऱ्याचदा धावपट्टी संपल्यानंतरची जमीन ठरवते, आणि ती जमीन वैमानिकाच्या ताब्यात कधीच नसते.

यावरचा सर्वांत जोरदार आक्षेप आधीच घ्यायला हवा. बीडचा रस्ता काही त्या दिवशी उगवला नव्हता. त्याच धावपट्टीवरून रोज विमाने उडत होती, त्याच रस्त्यावरून रोज ट्रक जात होते आणि टक्कर होत नव्हती. उड्डाणाचे गणितच असे बांधलेले असते की एक इंजिन बंद पडले तरी उड्डाणासाठी धरलेले अंतर संपताना जेट विमान निदान ३५ फूट उंचीवर असावे. दोन्ही इंजिने चालू असताना तर ते त्याहून वर हवे. म्हणजे नाक वेळेवर आणि नीट उचलले असते, तर ट्रक खालून बिनघोर निघून गेला असता. हे खरे आहे आणि यात वैमानिकांचा बचाव शोधू नये. उड्डाणापूर्वी विमानाचे वजन, हवेचे तापमान आणि धावपट्टीची लांबी यांवरून वेग काढलेले असतात. त्यांतल्या एका ठरावीक वेगाला सहवैमानिक ‘रोटेट’ म्हणतो आणि नाक सेकंदाला दोन-तीन अंश या संथ, अखंड गतीने वर घ्यायचे असते. आधी घेतले तर शेपूट घासते, उशिरा किंवा अडखळत घेतले तर चाके जमिनीवरच राहतात. ही कौशल्याची आणि शिस्तीची बाब आहे आणि तिथे चूक झाली. पण किती चूक झाली, तेही पाहावे. त्या टप्प्यावर असे विमान सेकंदाला साधारण सत्तर मीटर जमीन कापत असते. धावपट्टीच्या टोकापासून रस्त्यापर्यंतचे ४१० फूट, म्हणजे सव्वाशे मीटर, त्याला दोन सेकंदांचेही नव्हते. चाके आदळली ती सात फुटांवर, म्हणजे विमान उडालेले होते, चढत होते. भरलेला ट्रक त्या जागी नसता तर ही उशिराची उचल प्रशिक्षण विभागाकडे चौकशीसाठी जाणारी एक गंभीर नोंद ठरली असती, वैमानिकांना जाब विचारला गेला असता आणि ११८ माणसे मुंबईला उतरली असती. रोज टक्कर होत नव्हती यावरून तो रस्ता सुरक्षित होता असे ठरत नाही. रोजचे वैमानिक ती दोन सेकंदे शिल्लक ठेवत होते, एवढेच त्यावरून कळते.

मोकळ्या पट्ट्याची किंमत गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या वनविभागाला समजावून सांगावी लागत नाही. इथल्या सागवानी जंगलात दर वर्षी १५ फेब्रुवारीच्या आत जाळरेषा काढल्या जातात. ठरावीक रुंदीचा पट्टा तोडायचा, पालापाचोळा गोळा करून जाळायचा आणि उन्हाळाभर ती जमीन रिकामी ठेवायची. वणवा लागला नाही त्या वर्षी हा सारा खर्च वाया गेल्यासारखा दिसतो, तरी पुढच्या वर्षी रेषा पुन्हा काढली जाते. वणवा कोण लावेल, मोहफूल वेचणारा की बिडी फेकणारा, यावर ती रेषा अवलंबून नसते. माणसाच्या हातून ठिणगी पडणार हे तिने गृहीतच धरलेले असते. विमानतळाच्या कायद्यात हे गृहीत उशिरा आले. धावपट्टीच्या शेवटी आधी ६० मीटरची पट्टी आणि तिच्यापुढे किमान ९० मीटर लांबीचे मोकळे सुरक्षा क्षेत्र असावे, शक्य तिथे ते २४० मीटरपर्यंत न्यावे, असे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे आजचे म्हणणे आहे. त्यातले ९० मीटरचे बंधन १९९० च्या दशकाच्या शेवटी सक्तीचे झाले. साठ आणि नव्वद म्हणजे दीडशे मीटर, आणि बीडचा रस्ता होता सव्वाशे मीटरवर. तेव्हाच्या नियमाने कोणी गुन्हा केला असे मी म्हणत नाही. शिवाय हे सुरक्षा क्षेत्र मुळात धावपट्टीबाहेर घसरणाऱ्या किंवा अलीकडेच टेकणाऱ्या विमानासाठी आखलेले आहे, उशिरा उडणाऱ्यासाठी नाही, हेही मान्य. पण रिकाम्या जमिनीला कारण विचारावे लागत नाही. ती घसरणाऱ्यालाही उपयोगी पडते आणि उशिरा उडणाऱ्यालाही. जिथे ती देता येत नाही तिथे निदान विमान निघताना दोन मिनिटे फाटक पाडून वाहने थांबवता येतात, आणि चौकशीने नेमका याच न झालेल्या कामावर बोट ठेवले होते.

विदर्भातल्या वाचकाला या इतिहासाचे आणखी जुने पान नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर सापडेल. ३० जानेवारी १९४९ ला देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली आणि तिचे केंद्र नागपूर होते. कल्पना रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री असतानाची. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून संध्याकाळची टपाल घेऊन डकोटा विमाने रात्री निघायची, मध्यरात्रीनंतर सोनेगावला एकत्र यायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेच्या आत चारही विमाने माघारी वळायची. मुंबईत संध्याकाळी टाकलेले पत्र सकाळी कलकत्त्यात. थैल्यांबरोबर काही प्रवासीही घेतले जात. देशाच्या नकाशावर नागपूर मधोमध आहे हे वाक्य शाळेत घोकले जाते, पण त्या मधोमध असण्याचा इतका नेमका, इतका सुंदर उपयोग दुसरा क्वचितच कोणी केला असेल. सुरुवातीला खासगी कंपन्यांनी ही सेवा चालवली, १९५३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीयीकरण झाल्यावर ती इंडियन एअरलाइन्सकडे आली आणि १९७० च्या दशकापर्यंत चालली. पण व्यवस्थेची रचनाच अशी होती की सगळी अवघड उड्डाणे माणसाचे शरीर सर्वांत मंद असते अशा प्रहरी, काळोखात, पाठोपाठ व्हायची. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री सोनेगावहून मद्रासकडे निघालेल्या डकोटाच्या एका इंजिनाची ताकद जमीन सोडताच गेली आणि विमान कोसळले. आतल्या १४ जणांपैकी १३ मरण पावले, वाचला तो फक्त कप्तान. मृतांमध्ये लोकसभेचे सदस्य आणि इंटकचे नेते हरिहरनाथ शास्त्री होते. संकटात सापडलेले विमान कप्तानाला सुखरूप उतरवता आले नाही, हा ठपका इतिहासात राहिला. रात्रीच्या त्या वेळापत्रकावर कोणताही ठपका आला नाही, कारण वेळापत्रक हा देशाच्या अभिमानाचा विषय होता.

मालवाहू विमानांच्या बाबतीत ही अर्धी वाचण्याची सवय अधिकच घट्ट आहे. प्रवासी नसतात, मेलेल्यांची संख्या लहान असते, बातमी दोन दिवसांत संपते. १४ ऑक्टोबर २००४ च्या पहाटे कॅनडातल्या हॅलिफॅक्सहून स्पेनकडे निघालेले एमके एअरलाइन्सचे बोइंग ७४७ मालवाहू विमान उड्डाणातच कोसळले आणि त्यातले सातही जण गेले. आदल्या मुक्कामाहून निघताना विमानाचे वजन सुमारे २४० टन होते. हॅलिफॅक्सला माल आणि इंधन भरल्यावर ते ३५३ टनांवर गेले. उड्डाणाचा वेग आणि इंजिनांचा जोर मात्र संगणकावर जुन्याच वजनाने निघाला आणि ही चूक कोणाच्या लक्षात आली नाही. शंभरावर टन कमी धरून केलेले हे उड्डाण. विमान धावपट्टी ओलांडून गवतावर गेले आणि तिथून कसेबसे हवेत उचलले गेलेही. मग धावपट्टीच्या टोकापासून तीनशेहून जास्त मीटरवर असलेल्या मातीच्या बंधाऱ्याला त्याची शेपूट धडकली आणि तुटली. त्या बंधाऱ्यावर विमानांना उतरताना दिशा दाखवणारा अँटेना बसवलेला होता. आकड्याची चूक वैमानिकांची, यात शंका नाही. पण कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने हेही नोंदवले की अपघाताच्या वेळी ते कर्मचारी जवळजवळ १९ तास कामावर होते आणि त्यांचा दिवस चोवीस तासांहून लांब आखलेला होता. एकोणीस तास कामावर असलेल्या माणसाने २४० आणि ३५३ यांतला फरक पकडावा, अशी अपेक्षा ठेवणारा कागद वैमानिकाने लिहिलेला नव्हता. अमेरिकेने पुढे वैमानिकांच्या विश्रांतीचे कडक नियम केले, २०१४ पासून ते लागू झाले, आणि त्यातून मालवाहू कंपन्यांना वगळले! डब्यातल्या खोक्यांना नातेवाईक नसतात, एवढेच या सवलतीमागचे बळ दिसते. विमान चालवणाऱ्यांना मात्र ते असतात.

चिकलठाण्याचा ट्रक आणि हॅलिफॅक्सचा बंधारा यांत एक फरक आहे, तो नजरेआड करू नये. ट्रक हलता होता, बंधारा कायमचा होता. ट्रक थांबवण्याची जबाबदारी होती, बंधारा तर विमानाच्या सोयीसाठीच बांधलेला होता. तरीही दोन्ही ठिकाणी विमान उडालेले होते, आणि दोन्ही ठिकाणी त्याला जमिनीवरच्या वस्तूने खाली आणले. मंगळूरला २२ मे २०१० ला उतरण्याच्या वेळी असेच झाले. दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान धावपट्टीवर फार पुढे टेकले, पलीकडे घसरले, त्याचा उजवा पंख अशाच अँटेनाच्या काँक्रीटच्या चौथऱ्यावर आदळला आणि विमान दरीत गेले. १६६ पैकी १५८ मृत्यू. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशीने कप्तानाची चूक स्पष्ट सांगितली. उतरणे सोडून पुन्हा वर जायला हवे होते, सहवैमानिकाने तसे म्हटलेही होते, आणि कप्तान त्या प्रवासात बराच वेळ झोपलेला होता. पण त्याच चौकशीने पठारी धावपट्टीच्या टोकांवरही सूचना केल्या. गोखल्यांचा अहवाल म्हणूनच मला मोलाचा वाटतो. माणसाची चूक सौम्य न करता जमिनीकडेही बोट दाखवता येते, हे त्यात दिसते.

दुसरा आक्षेप नैतिक स्वरूपाचा आहे. दोष रस्त्याला, बंधाऱ्याला, वेळापत्रकाला वाटत बसलो तर दोषी कोणीच उरत नाही, ज्याच्या हाती दांडा होता तोच उत्तर देणार, असे पुष्कळ जाणकारही म्हणतात. या म्हणण्यात तथ्य आहे, कारण ‘व्यवस्थेची चूक’ या शब्दांआड लपून सुटलेली माणसे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पण १९९३ च्या निष्कर्षात व्यवस्था नावाचे धुके नव्हते. एका प्राधिकरणाचे नाव होते, एका रस्त्याचे नाव होते आणि न केलेल्या एका कामाचे वर्णन होते. उड्डाणाच्या वेळी रस्ता बंद करणे हे काम कोणी करायचे, पोलिसांनी की विमानतळाने, फाटकावर माणूस कोणाच्या पगारावर बसवायचा, हे ठरवणारी खुर्ची नक्की असते. वैमानिकाचा परवाना तपासता येतो तसा तिचाही हिशेब तपासता येतो. शिवाय दोष वाटून घेणे आणि दोष विरघळवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वैमानिकाला शिक्षा केल्याने पुढचा वैमानिक सावध होईल, पण तो चुकणारच नाही असे होणार नाही. प्रशिक्षणाने चुकांची संख्या कमी होते, शून्य होत नाही, आणि ज्या एका दिवशी ती शून्य नसते त्या दिवसासाठी जमीन मोकळी हवी. चिकलठाण्याची धावपट्टी पुढे वाढवून नऊ हजार फुटांच्या पुढे नेली, हे योग्यच झाले. लांब धावपट्टीवर तीच चूक वेगळ्या ठिकाणी संपते.

तिसरा आक्षेप या वनजिल्ह्यांतून येईल आणि तो सर्वांत अवघड आहे. चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा तालुक्यातल्या मूर्तीजवळ नवे विमानतळ करण्याचा प्रस्ताव गेली अनेक वर्षे वनजमीन आणि वाघांची वाट या प्रश्नांभोवती फिरतो आहे. गडचिरोलीलाही विमानतळ हवे असे सरकारने म्हटले आहे. जिथे एकेक हेक्टर जंगलासाठी मंजुरी मागावी लागते तिथे धावपट्टीच्या दोन्ही टोकांना आणखी जमीन रिकामी ठेवा म्हणणे म्हणजे आणखी झाडे तोडा म्हणण्यासारखे आहे, असे कोणी म्हणाले तर ते चूक नाही. पण यातून एकच उत्तर निघते असे नाही. मोकळा पट्टा देण्याइतकी जागा जंगल न मोडता मिळत नसेल, तर ती जागा विमानतळाची नाही, असे प्रामाणिकपणे म्हणावे आणि पडीक जमीन शोधावी. सर्वांत वाईट पर्याय तिसरा आहे. मंजुरी सोपी व्हावी म्हणून नकाशावर क्षेत्र आखडते घ्यायचे, जंगल तर जायचेच, आणि धावपट्टीच्या टोकाला कुंपणाबाहेर लगेच रस्ता ठेवायचा. सरकारी कागदावर असा आखडता आकडा काटकसर म्हणून मिरवतो.

हा धोका इथे केवळ कल्पनेतला नाही, कारण इथल्या रस्त्यांवर काय धावते हे सर्वांसमोर आहे. सूरजागडचे लोहखनिज घेऊन जड ट्रक आलापल्लीवरून आष्टी आणि चंद्रपूरकडे दिवसरात्र जातात. पूर्वी याच वाटेने सागाचे नग गेले, आणि पांढरकवडा-राजुऱ्याकडच्या रस्त्यांवर हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग असते. माल वाहणारा रस्ता विमानतळाजवळ येतो तो योगायोगाने येत नाही. ज्या उद्योगासाठी ट्रक धावतात त्याच उद्योगासाठी विमानतळ मागितले जाते, म्हणून दोघे शेजारी येतात. चिकलठाण्यालाही औद्योगिक वसाहत, बीड-जालन्याची वाहतूक आणि धावपट्टी एकाच अंगाला वाढली होती. तेव्हा उद्या प्रस्तावाचा नकाशा गावात आला तर धावपट्टीची लांबी आणि नोकऱ्यांचा आकडा एवढ्यावर चर्चा थांबू नये. पाचव्या अनुसूचीतल्या या भागात ग्रामसभेला जमिनीविषयी विचारणे सरकारला भाग आहे, आणि ग्रामसभेनेही उलट विचारावे. धावपट्टीच्या प्रत्येक टोकापासून सर्वांत जवळचा रस्ता किती मीटरवर आहे? त्यावरून जाणाऱ्या सर्वांत उंच गाडीची उंची किती? तारा कुठून ओढल्या आहेत? त्या रस्त्याला फाटक असेल तर ते पाडण्याचा आदेश कोणत्या अधिकाऱ्याच्या सहीने निघेल? ही चारही उत्तरे भूसंपादनाच्या अधिसूचनेला जोडून, मराठीत आणि गोंडी-माडियात वाचून दाखवता येण्याजोगी आहेत. ती मिळेपर्यंत संमतीचा ठराव पुढच्या सभेवर ठेवण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आहे.